दोन माणसांची गाडी

कपाटावरचं खोकं टेलरबाईंनी खाली काढलं ते मंगळवारी भर दुपारी, नवरा समोर बसलेला असताना आणि स्टूल होईल तेवढं करकरवत. खोक्यावर बोटभर धूळ होती. आत खेळण्यातली रेल्वे होती. एक इंजिन, चार डबे, रुळांचे पुष्कळ तुकडे, एका रुळाचे दोन करणारा सांधा, वीज पुरवणारा एक काळा डबा आणि चार घड्या घातलेला कागद. त्या कागदावर घड्याळवाल्यांनी, म्हणजे बाईंच्या नवऱ्याने, बारा वर्षांपूर्वी टोकदार पेन्सिलीने आराखडा काढून ठेवला होता. "दुकान बंद केलं की ही मांडणार," असं ते येईल-जाईल त्याला सांगत असत.

दुकान बंद झालं, पण त्यांनी ठरवून केलं नाही. उजव्या हाताला कंप सुटला. खसखशीएवढे स्क्रू फिरवणारा तो हात. आधी त्यांनी पेचकसाला नावं ठेवली, मग दिव्याला, मग टेबलाच्या पायांना. नाचता येईना अंगण वाकडं, हे आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवणारा हा माणूस. एक दिवस एका गिऱ्हाइकाचं घड्याळ त्यांनी न उघडताच परत दिलं, शटर खाली ओढलं आणि घरी येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. त्याला सात महिने झाले होते.

त्यात बाईंनी एक चूक केली होती. शर्टाची बटणं लावायला त्यांना पंधरा मिनिटं लागतात, हे बाईंना बघवेना. म्हणून त्यांनी गुपचूप सगळ्या शर्टांची बटणं काढून काजांवर नुसती शोभेला शिवली आणि आतून चिकटणाऱ्या पट्ट्या लावल्या. काम इतकं सफाईदार की बाहेरून कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण पट्टी उघडताना फर्रकन आवाज होतो, तो कुठे लपवणार? घड्याळवाल्यांनी तो आवाज एकदा ऐकला, शर्ट काढून पलंगावर ठेवला आणि त्या दिवसापासून डोक्यातून घालायचे गंजीवजा सदरे घालायला लागले. भांडले असते तर बरं झालं असतं. ते बोलायचेच कमी झाले.

डॉक्टर म्हणाले होते, "कंप जाणार नाही, पण हात चालता ठेवा. बसून राहिले तर हाताआधी माणूस जाईल." हे वाक्य बाईंच्या छातीत सुई राहून गेल्यासारखं रुतलं होतं. रेल्वेशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांना तो माणूस खुर्चीतून उठवून टेबलापर्यंत आणायचा होता. खुर्ची ते टेबल, आठ पावलं.

तर बाईंनी गळ टाकला. भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरकं झालं तरी उठून सरळ करणारा हा माणूस. त्याच्यासमोर चुकीचं काम करत राहायचं, कधी ना कधी न राहवून उठेलच. बाईंनी कापड बेतायच्या लांब टेबलावर आठ फुटांची प्लायवूडची फळी टाकली. मुद्दाम पक्कड उलटी धरली. रुळाचा तुकडा उपडा ठेवून "हा बसत का नाही बरं?" असं मोठ्याने विचारलं. इंजिनाला डबा मागेपुढे कसाही जोडला.

घड्याळवाले खिडकीबाहेर बघत राहिले. समोरच्या छपरावर एक कबुतर बसलं होतं, त्याच्यात त्यांना भलताच रस होता.

चार दिवस झाले तरी बाईंची डाळ शिजली नाही. रविवारी मुलीचा फोन आला.

"आई, तू खरंच रेल्वे मांडते आहेस? तुला इस्त्रीचा प्लग बदलता येत नाही!"

"येत नाही कशाला, तुझे बाबा होते म्हणून कधी शिकले नाही."

"होते म्हणजे काय? आहेत ना!"

"तेच बघते आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

त्याच दिवशी त्यांनी नवऱ्याचा कागद नीट उघडून पाहिला. लांबट गोल. गाडी निघणार, फिरणार, फिरतच राहणार. बाईंना ते मुळीच पटलं नाही.

"अहो, ही गाडी आहे की घाण्याचा बैल?" त्यांनी खुर्चीकडे बघून विचारलं. "निघाली कुठून, पोचली कुठे, काही पत्ता नाही. गाडीला घर नको?"

मग बाईंनी चाळीस वर्षं जे केलं होतं तेच केलं, दुसऱ्याचा बेत आपल्या मापाने सुधारला. खाकी कागद पसरला, खडू घेतला आणि आखायला बसल्या. फळीच्या या टोकाला स्टेशन. तिथून एकच रूळ सरळ पलीकडच्या टोकाला जाणार. तिथे सांधा. सांध्यापुढे रूळ मोठा वळसा घेणार आणि फिरून त्याच सांध्यात परत येणार. म्हणजे गाडी घरून निघेल, लांब जाईल, वळसा घालून त्याच वाटेने घरी येईल. आखून झाल्यावर त्यांनी मान वर केली तेव्हा घड्याळवाल्यांची नजर कागदावर होती. ओठ जरा हललेही. पण मग ते परत कबुतराकडे वळले.

आणि इथे एक गंमत झाली. चुकीचं करण्याचं नाटक करता करता बाईंना ते काम आवडायला लागलं. स्वतःशी कबूल करायलाही त्यांना दोन दिवस लागले.

त्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेल्या आणि तार चिमटीत धरून कापडासारखी चोळून बघायला लागल्या. दुकानदार म्हणाला, "बाई, तिचा पन्हा नसतो. लांबी सांगा."

"लांबी सांगते, पण आधी हे सांगा, दोन तारा कशाला? नळाला एकच नळी पुरते."

दुकानदार चांगला माणूस होता, गिऱ्हाइकाला हसला नाही. त्याने पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या. "हा डावा रूळ, हा उजवा. वीज एकातून जाते, इंजिनाच्या मोटरीतून फिरून दुसऱ्यातून परत येते. दोन्ही रूळ एकमेकांना कुठेही चिकटता कामा नयेत. चिकटले की डबा लगेच बंद पडणार. एवढं सांभाळलंत की झालं."

"म्हणजे सुलट आणि उलट बाजू," बाई म्हणाल्या. "मिसळू द्यायच्या नाहीत."

"तसंच समजा."

घरी येऊन त्यांनी डाव्या रुळाच्या प्रत्येक तारेला लाल दोरा गुंडाळला आणि उजव्याच्या तारेला निळा. फळीला भोकं पाडली, नाडी ओवायच्या जाड सुईने तारा वरून खाली ओवल्या आणि फळीच्या पोटाला टाके घातल्यासारख्या ओळीने बसवल्या. कपड्याची पारख उलट्या बाजूने होते, असं त्या हाताखालच्या मुलींना नेहमी सांगत. फळीची उलटी बाजू बघून त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला. दाखवायला कुणी नव्हतं, म्हणजे होतं, पण ते खिडकीकडे तोंड करून होतं.

मग एका सकाळी टेबलावर, सांध्याच्या शेजारी, घड्याळवाल्यांचं भिंग दिसलं. डोळ्याच्या खोबणीत धरायचं ते काळं भिंग सात महिने खणात होतं. ते आपल्या पायाने चालत आलं नसणार. बाईंना हाक मारावीशी वाटली. पण बटणांचा धडा ताजा होता. त्यांनी मूग गिळले, भिंगाच्या अवतीभवतीची धूळ तेवढी पुसली आणि भिंग जागच्या जागी राहू दिलं. संध्याकाळी ते परत खणात गेलेलं होतं.

शेवटी वळशाचा एकच तुकडा बसवायचा राहिला. तोवर गाडी छान धावत होती. स्टेशनातून निघायची, सांध्यातून वळशात शिरायची, मोकळ्या टोकापर्यंत जायची, बाई डब्यावरची कळ फिरवून तिला उलट पावली मागे आणायच्या. त्यांनी शेवटचा तुकडा घेतला, दोन्हीकडून दाबून बसवला. टक्. काळ्या डब्यावरचा दिवा विझला. इंजिन जागच्या जागी मेलं.

तुकडा काढला की दिवा लागे. बसवला की विझे. बाईंनी सरळ त्या तुकड्यालाच गुन्हेगार ठरवलं. दुसरा बसवला, तोही तसाच निघाला. तिसरा बसवला. मग त्यांनी दुकानदाराकडे जाऊन सगळे तुकडे खराब असल्याची तक्रार केली. त्याने प्रत्येक तुकडा यंत्र लावून तपासला आणि म्हणाला, "तुकडे चांगले आहेत, बाई. चूक बेतात असणार."

बेतात! बाईंना कुणी कपडा उसवलाय म्हणालं असतं तर चाललं असतं, पण बेत चुकलाय म्हणणं म्हणजे तोंडावर मारल्यासारखंच. तीन दिवस त्यांनी एकेक तार, एकेक दोरा तपासला. लाल लालला होता, निळा निळ्याला होता. एकही टाका चुकला नव्हता. या तीन दिवसांत त्या नवऱ्याला खुर्चीतून उठवायचं साफ विसरून गेल्या. एका दुपारी चहा त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही, आणि त्यांनीही तो मागितला नाही. एरवी बाई त्यांना अर्धा कप द्यायच्या, सांडू नये म्हणून.

चौथ्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा घागरा राहिला होता, म्हणून बाई नाइलाजाने मशीनवर बसल्या. कमरेचं इलॅस्टिक कापलं, दोन टोकं जुळवून शिवली, ओढून बघितलं आणि स्वतःशीच म्हणाल्या, "पडला का पीळ!" टोकं जोडताना पट्टीला अर्धा पीळ राहिला होता. शिकाऊ मुलींची ही नेहमीची चूक. त्यांच्या हातून वीस वर्षांत झाली नव्हती. पीळ कुठे आहे ते बघायला त्यांनी पट्टीच्या वरच्या कडेवर बोट ठेवलं आणि कडेकडेने फिरवत नेलं. बोट एक फेरी करून आलं ते खालच्या कडेवर.

बाई तशाच बसून राहिल्या. मशीनचा दिवा चालू, बोट इलॅस्टिकवर.

मग त्या उठल्या आणि टेबलाशी आल्या. तर्जनी लाल रुळावर, मधलं बोट निळ्या रुळावर. दोन बोटं चालवत सांध्यातून वळशात शिरल्या, वळसा घातला, परत सांध्याशी आल्या. तर्जनी निळ्या रुळावर येऊन टेकली होती. एकही तार चुकली नव्हती. गाडीला माघारी फिरवायचं म्हटलं की तिची डावी बाजू उजवी होणारच. माणूस मागे वळला तरी तेच होतं. घाण्याच्या बैलाला ही अडचण नसते, कारण तो कधी घरी येत नाही.

दुकानदाराला त्यांनी इलॅस्टिकच दाखवलं. तो आधी गोंधळला, मग त्याला इतकं आवडलं की त्याने ते भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून ठेवलं. त्याने वळशाच्या दोन्ही टोकांना लावायला प्लास्टिकचे सांधेजोड दिले, म्हणजे विजेपुरता वळसा बाकीच्या रुळांपासून तुटला. आणि एक सहा पायांचा खटका दिला. खटका इकडून तिकडे केला की तारांची अदलाबदल होते, लाल निळा आणि निळा लाल.

"गाडी वळशात फिरत असेल तेव्हाच हा टाकायचा," तो म्हणाला. "बाहेरचे रूळ तिच्यासाठी पालटून ठेवायचे. आधी टाकला तर गाडी बाहेरच उलटी पळेल, उशीर झाला तर तोंडाशी अडकेल."

बाईंनी खटका सांध्याशेजारीच बसवला. जिथे उघडझाप तिथेच बटण, हा त्यांचा हिशोब. काळा डबा मात्र स्टेशनाकडे होता, कारण भिंतीतला प्लग तिकडे होता. मधे आठ फूट.

पहिल्यांदा त्यांनी गाडी सोडली आणि टेबलाला वळसा घालून धावल्या. पोचेपर्यंत गाडी तोंडाशी येऊन अडकली. दुसऱ्यांदा गाडी वळशात शिरायच्या आत खटका टाकला, ती उलटी पळत स्टेशनात आपटली आणि मागचा डबा जमिनीवर पडला तो तिथेच राहिला. तिसऱ्यांदा वेळेवर पोचल्या, पण परतणाऱ्या गाडीसाठी सांध्याची दांडी दुसऱ्या फाट्याकडे सरकवायची विसरल्या. चौथ्यांदा मशीनच्या स्टुलाला अडखळल्या आणि गुडघा धरून खाली बसल्या.

खाली बसल्यावर त्यांना हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही गेलं. गेला महिनाभर त्या चुकण्याचं नाटक करत होत्या. आता नाटक नव्हतं. काम खरोखर एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि ते सांगायला त्यांना लाज वाटत होती. इतक्या वर्षांत असं वाक्य त्यांनी घरात फार कमी वेळा उच्चारलं होतं.

"अहो," त्या जमिनीवरूनच म्हणाल्या, "मला एकटीला होत नाहीये."

खुर्ची कुरकुरली.

आठ पावलं टाकायला घड्याळवाल्यांना बराच वेळ लागला. बाईंनी तिकडे पाहिलं नाही. पडलेला डबा उचलून रुळावर ठेवण्यात त्या गुंतल्याचं दाखवत राहिल्या. शेवटचं नाटक, तेवढं माफ. ते सांध्याकडच्या टोकाला जाऊन उभे राहिले. उजवा हात त्यांनी सवयीने पाठीमागे लपवला होता.

"वळशाच्या फेरीला अठरा सेकंद लागतात," ते म्हणाले. "पहिल्या आणि तिसऱ्या वेळी मोजले. चौथ्या वेळी तू पडलीस. दहाव्याला सांधा, बाराव्याला खटका. तू फक्त गाडी सोड आणि वेग बदलू नकोस."

बाई उठून काळ्या डब्याशी गेल्या आणि त्यांनी गाडी सोडली. इंजिन सरळ रुळावरून गेलं, सांध्यातून वळशात शिरलं. घड्याळवाले मोजायला लागले, ओठातल्या ओठात नाही, चांगलं मोठ्याने. सातवर हात पाठीमागून पुढे आला. हवेत तो थरथरत होता, आधीपेक्षा जास्तच. दहाव्याला बोट सांध्याच्या दांडीला लागलं आणि दांडी सरकली. अकरा. बोट खटक्याकडे जाताना एकदा हुकलं. बाई जागच्या हलल्या नाहीत. बाराव्याऐवजी चौदाव्याला खटका पडला. टक्. हात थरथरत होता, पण खटक्याला दोनच जागा. एकदा पडला की तो थरथरत नाही.

गाडी वळशातून बाहेर पडली, जिथून गेली होती त्याच रुळावरून घराकडे निघाली. स्टेशन जवळ आलं तेव्हा तिला थांबवायला बाईंनी जमिनीवर पाय दाबला. शिवणयंत्राची सवय. गाडी काही थांबली नाही, तेव्हा हाताने कळ फिरवावी लागली.

"तो पाय कशाला आपटलास?" घड्याळवाल्यांनी विचारलं, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा ते हसले.

त्यांनी गाडी आणखी पाच वेळा फिरवली. दोनदा चुकली. चुकली तेव्हा घड्याळवाल्यांनी हाताला शिवी दिली, पण हात पाठीमागे नेला नाही. मग बाई चहा करून घेऊन आल्या आणि मनातली गोष्ट विचारून टाकली.

"बेत चुकलाय हे तुम्हाला माहीत होतं?"

"खडूने आखलंस तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत? तीन दिवस मी डोकं फोडत होते!"

त्यांनी कपाकडे पाहिलं. अर्धा भरलेला होता.

"बोललो असतो तर तू वळसा काढून टाकला असतास आणि मुकाट्याने माझा गोल मांडला असतास," ते म्हणाले. "त्याला एकच माणूस पुरतो. तुझ्या बेताला दोन लागतात. म्हटलं, या घरात मी लागतो अशी एक तरी जागा राहू दे. पण तू बोलावल्याशिवाय यायचं नाही, असं ठरवलं होतं. मदत न विचारता केली की कशी लागते, ते मला ठाऊक आहे."

बाईंनी किटली उचलून त्यांचा कप काठोकाठ भरला. थोडा चहा फळीवर सांडला, स्टेशनच्या बाजूला. दोघांपैकी कुणीही तो लगेच पुसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मशीनवर बसल्या असताना घड्याळवाले कपाटातला निळा शर्ट घेऊन आले आणि त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला.

"या पट्ट्या काढ. बटणं लाव परत."

"वेळ लागतो तुम्हाला."

"लागू दे. गाडी काही अडून राहत नाही. मी येईपर्यंत ती स्टेशनातच असते."

बाईंनी शर्ट मांडीवर घेतला, उसवायची सुई उचलली आणि पहिल्या टाक्यात घातली. मग थांबल्या.

"काजं जराशी मोठी करू का?" त्यांनी विचारलं. या वेळी विचारलं.

घड्याळवाल्यांनी उजवा हात समोर धरून बघितला, दुरुस्तीला आलेलं घड्याळ बघावं तसा, बराच वेळ.

"वरची दोन कर," ते म्हणाले. "बाकीची राहू देत."